गुरुवारची वाट

रविवारी सकाळी सगळं जग अंथरुणात लोळत असतं, तेव्हा मी डबा भरून कंपनीच्या बसची वाट बघत उभी असते. भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. विजेचा भार एकाच दिवशी सगळीकडे येऊ नये म्हणून फार पूर्वी भागाभागाला वार वाटून दिले. त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला, तो आलाच. म्हणजे घरात नवऱ्याला सुट्टी असते तेव्हा मला नसते, आणि मला असते तेव्हा घरात कुणीच नसतं. नवी नवरी होते तेव्हा याचं वाईट वाटायचं. नंतर वाईट वाटायलाही वेळ राहिला नाही. गुरुवार म्हणजे दळण, बँक, सासूबाईंचा दवाखाना, माळ्यावरचे डबे. अठ्ठावीस वर्षं मी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ब्रेकच्या भागांची मापं तपासते. घरी आले की डाळीतले खडे तपासते. एकूण काय, नजर खाली!

२०१९ मध्ये पंचेचाळिशी आली आणि पाठोपाठ साखर. डॉक्टर म्हणाले, औषध लगेच नको, आधी हालचाल वाढवा. चालायला लागले तर गुडघा कुरकुरला. खाली पार्किंगमध्ये मुलाची सायकल धूळ खात उभी होती. तो शिकायला बाहेरगावी गेल्यापासून तिच्यावर फक्त कबुतरं बसत. एका गुरुवारी बादलीभर पाणी घेऊन तिला आंघोळ घातली, कोपऱ्यावरच्या दुकानात हवा भरली आणि बसले.

सायकल मला नवी नव्हती. वडील पिंपरीला पेनिसिलीनच्या कारखान्यात होते. १९५४ साली सुरू झालेली एचए कंपनी ती. वडिलांची पाळी सुटायची तेव्हा गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. त्यात आपले बाबा कोणते हे मी घंटीच्या आवाजावरून ओळखायची. मला आठवीत लेडीज सायकल मिळाली, मागच्या चाकाला ओढणी अडकू नये म्हणून जाळी लावलेली. तिच्यावर शाळा झाली, पॉलिटेक्निक झालं, पहिली नोकरीसुद्धा झाली. मग लग्न, मग स्कूटर. सायकल सुटली ती नेमकी कधी, आठवत नाही. सुटलेल्या गोष्टींची तारीख आपण कुठे लिहून ठेवतो?

पहिले दोन-तीन महिने निगडी प्राधिकरणातल्या गल्ल्या, मग देहू, मग धीर वाढला तशी थेट तळेगाव-चाकण रस्त्यावर गेले. हा रस्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांना काय सांगू? चाकणला गाड्यांचे मोठमोठे कारखाने, त्यांना माल पुरवणारे शेकडो लहान कारखाने, आणि त्या सगळ्यांचे कंटेनर, ट्रेलर, टेम्पो, कामगारांच्या बसेस, सगळं या एका रस्त्याला. एका गुरुवारी सकाळी एक लांबलचक कंटेनर मला चाटून गेला. लागला नाही, नुसता वारा लागला. तेवढ्याने मी कडेच्या चारीत. कोपराला सहा टाके. त्याला जे ब्रेक होते तसल्याच ब्रेकची मापं मी आदल्या दिवशी पास केली असतील, हा विचार टाके घालून घेताना आला आणि मला हसूच फुटलं. डॉक्टरांना वाटलं, डोक्याला मार लागलाय.

घरी आल्यावर नवरा फक्त दोन शब्द बोलला. "बास झालं." तो तसा समजूतदार आहे, पण त्या दिवशी त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मोठ्या जाऊबाई भेटायला आल्या. २०१८ मध्ये आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी विसाव्या वर्षी सायकलवरून १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर जाऊन जगाला फेरी घालून आली, तिचं कौतुक त्यांनीच मला पेपरमधून कापून दाखवलं होतं. मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्या म्हणाल्या, "अगं, ती विशीतली पोर. तुझी साखर बघ आधी!" मी म्हणाले, "साखरेसाठीच तर चाललंय सगळं."

यातून वाट काढली ती कंपनीच्या कॅन्टीनला दूध घालणाऱ्या दादांनी. माझं बँडेज बघून म्हणाले, "ताई, हमरस्त्यानं कशाला मरायला जाता? आमच्या पांदीनं या की."

पांद म्हणजे पाणंद. शहरात वाढलेल्या माझ्या मुलाला हा शब्द ठाऊक नाही, म्हणून जरा सांगते. दोन शेतांच्या मधून गेलेली, दोन्हीकडे बांध, बांधावर बाभळी, निवडुंग, घाणेरी, आणि मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या, अशी वाट. कुठे मुरूम, कुठे खडी, कुठे नुसती माती. गावातून शिवारात, शिवारातून ओढ्याला, ओढ्यावरून पुढच्या गावाला. डांबर नाही, म्हणून मोठी गाडी नाही. मोठी गाडी नाही, म्हणून माझ्यासारखीला जागा आहे.

परदेशात या प्रकाराला ग्रॅव्हल म्हणतात आणि त्याचं मोठं प्रस्थ आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते. २०२२ पासून तर ग्रॅव्हलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, पहिली इटलीत. या शर्यतींसाठी खास सायकली निघाल्या आहेत. वाकडं हँडल, डिस्क ब्रेक, चाळीस-बेचाळीस मिलिमीटर रुंद टायर. आमच्या क्वालिटीच्या भाषेत सांगायचं तर सगळी करामत टायरच्या रुंदीत आणि हवेत आहे. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीची सायकल अरुंद टायरमध्ये दगडासारखी हवा भरून पळते. मुरमावर तसं केलं तर प्रत्येक खडा मणक्यात जाणवतो आणि चाक घसरतं. टायर रुंद आणि हवा कमी ठेवली की टायर खड्यावर किंचित दबतो, त्याला कवेत घेतो, जमिनीला धरून राहतो. दळणाचा डबा डोक्यावर घेताना आपण चुंबळ ठेवतो ना, तसंच. मी काही ती महागडी सायकल घेतली नाही. मुलाच्याच सायकलला बसतील तेवढे रुंद टायर बसवले, चढासाठी मागचं दात्यांचं चक्र मोठं घातलं, आणि सीट बदलली.

सीटबद्दल दोन ओळी जास्त लिहिते, कारण हे बायकांना कुणी सांगत नाही. सायकलच्या दुकानातली बहुतेक सीटं पुरुषांच्या मापाची. आपली बैठकीची हाडं जरा लांब-लांब असतात. अरुंद सीटवर ती टेकतच नाहीत आणि सगळा भार नको तिथे येतो. बधिरपणा येतो, घासतं. मग बाई म्हणते, मला सायकल झेपत नाही. अगं, सायकल झेपते, सीट चुकलीय! रुंद घ्यावी, पण गादीसारखी मऊ घेऊ नये. मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि पुन्हा तेच दुखणं. हे शिकण्यात माझे दोन महिने गेले, तुमचे जाऊ नयेत.

तर आता माझी वाट. पहाटे साडेपाचला निघायचं. तळवड्याकडून देहूला पोचेतो उजाडतं. देहूत इंद्रायणी ओलांडून येलवाडी. आळंदीला फेसाने पांढरी झालेली इंद्रायणी टीव्हीवर तुम्ही पाहिली असेल. इथे काही सकाळी तिच्यावर नुसतं धुकं असतं, आणि मन म्हणतं, अजून वेळ गेलेली नाही. पुढे डावीकडे भंडारा डोंगर दिसत राहतो. सुदुंबऱ्याजवळ तो तळेगाव-चाकण रस्ता आडवा येतो. तो फक्त ओलांडायचा. सायकलवरून उतरून, दोन्हीकडे बघून, शाळेतल्या मुलीसारखा ओलांडायचा.

सुदुंबरे म्हणजे संताजी जगनाडे महाराजांचं समाधिस्थान. चाकणचे तेली, तुकोबांचे अभंग लिहून घेणारे. गावाला लागून सुधा नदी. नदी म्हणायचं, पण उन्हाळ्यात ओढाच. गावकुसाबाहेर पडलं की डांबर संपतं आणि टायरचा आवाज बदलतो. डांबरावर नुसती घूं-घूं असते. मुरमावर चर्र-चर्र, भाकरीचं पीठ चाळल्यासारखं. हा आवाज सुरू झाला की माझे खांदे आपोआप खाली येतात. मागून काही येणार नाही, याची खात्री खांद्यांना आधी कळते.

मग भामचंद्र डोंगर. तुकोबा एकांताला जात ते तीन डोंगर आम्हा पिंपरी-चिंचवडकरांच्या अंगणातच आहेत. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर. भामचंद्रावर जुनी लेणी आहेत. पायथ्याशी सायकल झाडाला लावून मी अर्ध्यापर्यंत चढते आणि डबा उघडते. तिथून खाली बघितलं की एका बाजूला निळ्या पत्र्यांची छपरं, चौकोनी, रांगेत, पार क्षितिजापर्यंत. वारा तिकडून असला तर प्रेसचे ठोके ऐकू येतात. दुसऱ्या बाजूला भामेचं खोरं, भाताची खाचरं, टेकड्या. शिंदे-वासुलीच्या माळावर एका रसायन कंपनीच्या संशोधन केंद्राला गावकऱ्यांनी आणि वारकऱ्यांनी २००८ साली विरोध केला आणि ते केंद्र अखेर तिथून गेलं, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हा मी पेपरात वाचून पान उलटलं होतं. आता त्या माळावरून जाताना पान उलटता येत नाही.

डोंगराला वळसा घालून उतरलं की भामा नदी. वर करंजविहिऱ्याजवळ भामा-आसखेडचं धरण आहे. २०२१ पासून त्याचं पाणी पुण्याच्या पूर्व भागात नळाला येतं. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची भांडणं त्याआधीपासूनची. नदीकाठची वाट मात्र सुखाची. ऑक्टोबरात इथे यावं. पावसाने मुरूम बसलेला असतो, धूळ उडत नाही, बांधावर कुर्डू आणि सोनकी, सुगरणींची घरटी बाभळीला लोंबणारी. फेब्रुवारीत पळस पेटतो. मे महिन्यात धुळीने केसांचा झाडू होतो. आणि जून-जुलैत? काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी भरते की चाक फिरायचंच थांबतं. एकदा मी सायकल खांद्यावर घेऊन अर्धा तास चालले आहे. "सायकलवर बसतात, ओ ताई!" असं एक पोरगं ओरडलं. खरंच होतं त्याचं.

आता भीतीचं बोलू. कारण हे सगळं वाचताना तुमच्या मनात तोच प्रश्न असणार. एकटी बाई, रान, कुणी नाही. मला भीती वाटते का? वाटते. क्लबवाले रविवारी जातात, घोळक्याने जातात. माझा गुरुवार, त्यामुळे मी एकटी. पहिल्या महिन्यात झुडपात पालापाचोळा वाजला तरी पोटात गोळा यायचा. बिबट्या या भागात आहे, उसात राहतो, हे खोटं नाही. म्हणून अंधारात मी पाणंदीत शिरत नाही, उजाडल्यावरच शिरते आणि घंटी वाजवत जाते. घरच्यांना फोनवर माझी जागा दिसत राहते. पंक्चर काढायला शिकले, कारण बाभळीचा काटा वार बघत नाही. माणसांची भीती म्हणाल तर, खरं सांगू? माझ्यावर शेरे पडले ते सगळे शहरातल्या सिग्नलला. "काकू, रेस लावायची का?" पाणंदीत भेटणारी माणसं थांबवतात, चौकशा करतात, चहा पाजतात. सगळी देवमाणसं असतात असं नाही. दोनदा मी रस्ता बदलून परतले आहे. पण माझ्या नकाशात आता घरं आहेत. कुठल्या वळणावर कुणाचं घर, कुणाच्या अंगणात पाणी मागता येतं, कुणाचं न्हाणीघर वापरायला मिळतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं! पुरुष सायकलवाल्यांच्या गप्पांत हा विषय कधी येत नाही, आपल्याला मात्र निघतानाच त्याचा हिशेब करावा लागतो.

त्या घरांपैकी एक मावशींचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मावशी साठीच्या, चार शेळ्या, दोन म्हशी, भामेच्या काठाला दीड एकर. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा कमरेवर हात ठेवून पाणंदीच्या मधोमध उभ्या होत्या.

"एकलीच आलीय व्हय?"

"हो."

"मालक?"

"कामावर."

"आन् तू?"

"मला सुट्टी आहे आज."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सुट्टी हाय तर घरी निजायचं सोडून हिकडं कशाला घाम गाळाया?" याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही, आजही नीट येत नाही. त्यांनी तांब्याभर पाणी आणि शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी दिली. त्यानंतर दर दोन-तीन गुरुवारांनी मी तिथे थांबू लागले. लॉकडाऊन उठल्यावर गेले तर म्हणाल्या, "मला वाटलं, मेली का काय!"

६ मार्च २०२५, गुरुवार. नेहमीच्या वळणावर आले आणि करकचून ब्रेक लावला. पाणंदीच्या तोंडावर सिमेंटचे खांब, त्यांना काटेरी तार. आतल्या बाजूला गोदामासाठी जमीन सपाट केलेली. बांध गेला, बाभळी गेल्या, सुगरणींची घरटी गेली. मी खांबाला सायकल टेकवून उभी राहिले. मला आधी काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. माझी राइड बिघडली, असं वाटलं. आता वळसा घालून डांबरी रस्त्याने जावं लागणार, असं वाटलं. मागून मावशी आल्या, डोक्यावर कडब्याची पेंढी. तारेपलीकडे त्यांचं शेत दिसत होतं, हाकेच्या अंतरावर. तिथे पोचायला त्यांना आता गावाला वळसा घालून पाऊण तास लागत होता. म्हशींना नदीवर न्यायचं तर मोठ्या रस्त्यावरून, ट्रकांच्या मधून. गावातल्या पंधरा-वीस बायांची हीच तऱ्हा.

"तुझं बरं हाय," मावशी म्हणाल्या. "तू दुसरीकडनं फिरशील."

ते वाक्य घेऊन मी घरी आले. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीत हिशेब-कायदा बघणाऱ्या एका सहकारी बाईंना विचारलं, त्यांनी ओळखीच्या वकिलांकडे पाठवलं, आणि मला पाणंद नावाची वेगळीच दुनिया कळली. प्रत्येक गावाचा एक गावनकाशा असतो, भूमी अभिलेख कार्यालयात त्याची नक्कल मिळते. त्यावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात, पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ. अशी जुनी वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. वाटच नसेल आणि नव्याने हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, बांधावरून रस्ता मागायचं. माझ्या माहेरी शेती होती, सासरी शेती होती, आणि हे मला पन्नाशीत सायकलमुळे कळलं!

पण कलम ५ मध्ये एक मेख आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. मावशी आणि बाकीच्या बायांनी जूनमध्ये अर्ज केला. अर्जावर अंगठे कमी आणि सह्या जास्त होत्या, हे मला विशेष वाटलं. समोरच्यांचं म्हणणं आलं की कुंपण दोन वर्षांपूर्वीच घातलंय, मुदत संपलीय. आणि गावातल्या कुणाला तारीख विचारली तर उत्तर काय? "होळीच्या आधी." "तूर काढली तवा." बरोबरच आहे. वाट बंद झाल्याची तारीख कोण लिहून ठेवतं?

मी ठेवली होती. म्हणजे मी नाही, माझ्या फोनने. प्रत्येक राइडची रेघ त्यात उमटते, तारीख-वेळेसकट. १६ जानेवारी २०२५ ची रेघ पाणंदीतून सरळ गेलेली. ३० जानेवारीची रेघही सरळ. ६ मार्चची रेघ त्या वळणावर येऊन थांबलेली आणि मागे फिरलेली. ३० जानेवारीचा फोटोही होता. मावशी, दोन म्हशी, मागे बाभळीची रांग, आणि कुंपणाचा पत्ता नाही. फोटो मी काढला होता तो जाऊबाईंना पाठवायला, म्हशीची शिंगं दाखवायला! वकील म्हणाले, हे एकट्याने पुरेसं नाही, पण लावून बघू. गावनकाशा, गावकऱ्यांचे जबाब, पंचनामा आणि त्यामागे माझ्या राइडचे छापील कागद. तलाठ्यांनी (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच) स्थळपाहणीच्या वेळी तो फोटो हातात धरून एकेक गोष्ट जागेशी ताडून बघितली. समोरच्यांचे वकील मला म्हणाले, "तुमचा काय संबंध? तुम्ही तर फिरायला येता." मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "ती दर बेस्तरवारी येती. वाट हुती म्हनूनच येत हुती ना?"

नोव्हेंबरमध्ये आदेश झाला. अडथळा काढावा. पेढे वाटले, हळदीकुंकू झालं, मलाही ओटी भरली. पण गोष्ट तिथे संपत नाही. समोरच्यांनी वर दाद मागितलीय. खांब सगळे निघालेले नाहीत. नकाशातल्या सोळा फुटांऐवजी सध्या आठ-नऊ फुटांची खिंड मोकळी आहे. म्हैस जाते, सायकल जाते, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाते. ट्रॅक्टर जात नाही. दोन बायांनी तर शेत विकायची बोलणी सुरू केली आहेत. गिऱ्हाईक कोण, ते सांगायला नको. आणि दुसरीकडे मी? माझा पगार त्याच निळ्या छपरांवर चालतो. मावशींचा धाकटा मुलगा अशाच एका गोदामात पाळीला जातो. वाटेचं भांडण चालू असताना त्याने आईला साथ दिली, पण रात्री, कामावरून आल्यावर.

या जानेवारीत, २०२६ मध्ये, 'पुणे ग्रँड टूर' नावाची मोठी आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या जिल्ह्यातून गेली. शर्यतीच्या मार्गावरचे रस्ते असे गुळगुळीत झाले की माझ्या नवऱ्यालाही सायकल चालवावीशी वाटली. शर्यत फक्त पुरुषांची होती, एवढं नोंदवून पुढे जाते. आम्ही दोघं टीव्हीवर बघत होतो. तो म्हणाला, "तू कधी जातेस अशा रस्त्याने?" मी म्हटलं, "एकदा माझ्या रस्त्याने चल." त्याने रजा टाकली. गुरुवारची! लग्नानंतर सणवार सोडून त्याने गुरुवारी रजा टाकल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

भाड्याच्या सायकलवर तो सुदुंबऱ्यापर्यंत ऐटीत आला, मुरूम सुरू झाल्यावर गप्प झाला, भामचंद्राच्या चढाला उतरून चालू लागला. मी वर जाऊन थांबले. खाली प्रेसचे ठोके चालू होते. तो धापा टाकत आला, बसला, आणि बराच वेळ खोऱ्याकडे बघत राहिला. माझी साखर आता आटोक्यात आहे, त्याची यंदा पहिल्यांदा वाढलेली निघाली.

खाली उतरून मावशींच्या खिंडीशी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. दोन्हीकडे सिमेंटचे खांब, मधे आठ-नऊ फूट मुरूम. त्यावर म्हशींच्या खुरांच्या खुणा आणि एक जुना, पावसाने पुसत आलेला टायरचा माग. मावशी पलीकडून येत होत्या. नवऱ्याला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि मला विचारलं,

"ह्ये मालक व्हय?"

"हो."

"आज त्येंला सुट्टी?"

"काढली."

मावशींनी त्याच्या घामेजल्या शर्टाकडे बघितलं, मग खांबाकडे. "मोजपट्टी हाय का तुझ्याकडं?" मला म्हणाल्या. "न्हाय, परवा रातीतनं ह्यो खांब जरा आत सरकल्यागत वाटतोय."

क्वालिटीवाल्या बाईच्या पिशवीत मोजपट्टी नसेल असं होतं का? नवऱ्याने एक टोक धरलं, मी दुसरं. मावशींनी विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला, फोटो काढला. तारीख फोनने आपोआप घातली.